तेरा वर्षांचा भाचा ‘जगात भारी’ होईल का?

दादा, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. भाचा तेरा वर्षांचा आहे, डाव्या पायाचा आहे, शाळेच्या संघात पुढे खेळतो. यंदाच्या आंतरशालेय स्पर्धेत त्याने पाच सामन्यांत अकरा गोल मारले. पेठेतली जाणती माणसं म्हणतात, असलं पोरगं बऱ्याच वर्षांत बघितलं नाही. एक जण साडेचार लाखांत त्याला स्पेनला ‘ट्रायल’ला न्यायला तयार आहे. दाजी पतसंस्थेतून कर्ज काढायच्या विचारात आहेत, बहीण म्हणते आधी दहावी होऊ दे, आणि दोघांच्या मधे तुम्ही, मामा. पोरगं जागतिक दर्जाचं होणार की नाही तेवढं सांगा, बाकीचं आम्ही ठरवतो, असं तुमचं म्हणणं.

मी बावीस वर्षं कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवतोय आणि त्याआधी शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून खेळलोय. तेरा वर्षांच्या पोराबद्दल ‘होणारच’ असं जो छातीठोकपणे सांगतो, त्याला एकतर हा खेळ कळलेला नसतो, नाहीतर त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. ‘होणार नाही’ हे मात्र मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली आणि फ्रान्स या पाच देशांच्या अव्वल लीगमध्ये नियमित खेळणारा आणि तिथंही उठून दिसणारा तो जागतिक दर्जाचा, असं धरू. भारताकडून खेळलेल्या एकाही पुरुष खेळाडूला त्या लीगमध्ये अजून एक सामनासुद्धा मिळालेला नाही. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला, तो खालच्या विभागातला क्लब. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघात गेला. गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडून खेळला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला. आपल्या देशाची मजल आजवर इथपर्यंत गेली आहे, आणि ही तिन्ही माणसं असामान्य होती.

एवढं सांगून तुमची बोळवण करायची नाही मला. ‘नाही’ हे उत्तर खरं असलं तरी त्यातून तुमच्या घरातलं काहीच ठरत नाही. पुढची तीन-चार वर्षं हे पोरगं कुणाबरोबर, कुणाविरुद्ध आणि किती सामने खेळणार, हे ठरवायचं आहे. माझा सगळा अनुभव मला एवढंच सांगतो की फुटबॉलपटू आपल्या समोरच्या खेळाडूएवढाच वाढतो. त्याचे अकरा गोल मला म्हणून फारसं काही सांगत नाहीत. समोर कोण होतं, ते मला माहीत नाही.

या वयातल्या अंदाजांचं काय होतं बघा. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूला गोल्डन बॉल देतात. तो म्हणजे त्या क्षणी त्या वयाचा जगातला पहिला मुलगा. २००७ मध्ये तो टोनी क्रूसला मिळाला. क्रूस पुढे २०१४ चा विश्वचषक जिंकला आणि सहा वेळा चॅम्पियन्स लीग. २००९ मध्ये तो नायजेरियाच्या सानी इमॅन्युएलला मिळाला. २०११ मध्ये मेक्सिकोच्या हुलिओ गोमेसला. या गोमेसने जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात डोक्याला पट्टी बांधलेली असताना, पाठीमागे झेपावून, डोक्यावरून लाथ मारून विजयी गोल केला होता. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. आज सानी आणि गोमेस ही नावं तुमच्या भाच्याला विचारा, त्याने ऐकलेलीही नसतील. २०१७ चा विश्वचषक आपल्याकडेच झाला. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने स्पेनला ५–२ हरवलं. गोल्डन बॉल फिल फोडेनला, तर आठ गोल मारून गोल्डन बूट रियान ब्रुस्टरला. एकाच संघातले हे दोघे. फोडेन मँचेस्टर सिटीचा मोठा खेळाडू झाला, ब्रुस्टरची कारकीर्द दुखापतींत अडकत गेली. युरोपातल्या क्लबांचे निवडकर्ते, डॉक्टर, आकडेवारी सांभाळणारी माणसं, सगळे मिळून सतरा वर्षांच्या मुलांबद्दल चुकतात. आपण तर आंतरशालेय स्पर्धेतल्या तेरा वर्षांच्या मुलाबद्दल बोलतोय.

आता एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही गोल, ढाली, वर्तमानपत्रातली कात्रणं, सगळं कळवलंत, पण त्याचा जन्म कुठल्या महिन्यातला ते कळवलं नाहीत. मला सगळ्यात आधी तेच हवं होतं. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेलं पोरगं आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच गटात खेळतात, आणि तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे कधी कधी वीतभर उंची आणि दहा किलो वजन. युरोपातल्या अकादम्यांतही वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांची गर्दी असते, शेवटच्या तीन महिन्यांतली मोजकीच. त्यात शरीर सगळ्यांचं एकाच वेळी वाढत नाही. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण तेरा-चौदाच्या सुमाराला. कुणाची बाराव्या वर्षीच, कुणाची सोळाव्या. आणि आपल्याकडे शाळेत घालताना जन्मतारीख पुढेमागे लिहिलेली असते, तो आणखी एक घोळ. म्हणूनच आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मनगटाचा एमआरआय काढून वय तपासतात.

माझ्याकडे एका वर्षी दोन पोरं होती. एकाला तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेलं, मांड्या पैलवानासारख्या. मधून बॉल सोडला की तो सगळ्यांना मागे टाकून गोल मारायचा. दुसरं लहानखुरं. आईने वाढत्या अंगाचं म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतलेले, त्यांत पुढे कापूस कोंबून खेळायचं. धक्का लागला की पडायचं. मग त्याने धक्का लागण्याआधीच बॉल सोडायला शिकून घेतलं, कारण त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता. मोठ्याला हे कधी शिकावंच लागलं नाही. सतराव्या वर्षी बाकीची पोरं त्याच्याएवढी झाली आणि त्याच्याजवळ काही उरलं नाही. वर्षभरात त्याने खेळ सोडला. त्याचा दोष नव्हता, दोष आमचा होता. स्पर्धा जिंकायच्या म्हणून आम्ही त्याला रोज तेच एक काम करू दिलं. लहानखुऱ्याने नंतर दोन हंगाम व्यावसायिक क्लबकडून खेळून घेतलं आणि आज तो खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीत आहे. जागतिक दर्जाचा तो झाला नाही, पण त्याच्याएवढं शहाणं फुटबॉल खेळणारं पोरगं माझ्या हातून दुसरं घडलेलं नाही.

मग मी पोरात बघतो तरी काय? नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. लोक तेवढीच मिनिटं बघतात. मी उरलेली बघतो. एक साधा सराव सांगतो, तुम्ही घरासमोरही करू शकाल. पोराला मधे उभं करायचं. समोरून एक जण पास देणार, आणि मी त्याच्या मागे दहा पावलांवर. पास सुटायच्या आत मी एक हात वर करून बोटं दाखवतो, दोन, चार, तीन, काहीही. बॉल पायाला लागायच्या आत त्याने मागे वळून आकडा ओरडायचा आणि मग बॉल घ्यायचा. पहिल्या दिवशी दहांतली नऊ पोरं बॉलकडे टक लावून बघत राहतात. आकडा ओरडायच्या नादात बॉल पायाखालून जातो. महिन्याभरात काही पोरं आकडा बरोबर सांगायला लागतात. आणि क्वचित एखादं पोरगं असं निघतं की मी बोटं दाखवायच्या आधीच त्याची मान वळलेली असते, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला मागे कोण आहे हे कळल्याशिवाय चैनच पडत नाही. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी मोठ्या खेळाडूंची हीच सवय वर्षानुवर्षं मोजली. बॉल यायच्या आधी जो जास्त वेळा आजूबाजूला बघतो, त्याचे पुढे दिलेले पास जास्त पोहोचतात. बार्सिलोनाचा झावी यात सगळ्यांच्या पुढे होता.

दुसरं, चूक झाल्यावरच्या पहिल्या तीन सेकंदांत पोरगं काय करतं. बॉल गेला की काही पोरं मैदानाबाहेर बापाकडे बघतात, काही जोडीदारावर ओरडतात, काही कमरेवर हात ठेवून उभी राहतात. आणि काही पोरं चेहऱ्यावर काहीही न दाखवता बॉलमागे धावलेली असतात. तिसरं, न चालणारा पाय. तुमचा भाचा डाव्या पायाचा आहे, चांगली गोष्ट आहे, डावा पाय दुर्मीळ असतो. पण उजवा पाय फक्त उभं राहायला वापरत असेल तर सोळाव्या वर्षी समोरचा बॅक दहा मिनिटांत ते ओळखेल आणि त्याला त्याच बाजूला ढकलत राहील.

आता कोल्हापूरचं. आपण म्हणतो, आपल्या मातीतून जगात नाव काढणारी माणसं निघाली, मग फुटबॉलमध्ये का नाही? प्रश्न रास्त आहे. इथल्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य आणलं. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला पदक जिंकले. पण नेमबाजी आणि फुटबॉल यांत एक मुळातला फरक आहे. निशाण्याचं वर्तुळ इथंही तेवढंच आणि म्युनिकलाही तेवढंच. इथं बसून रोज स्वतःचा गुण मोजता येतो आणि तो जगातल्या पहिल्याच्या गुणाशी ताडून बघता येतो. फुटबॉलमध्ये तशी पट्टी नाही. समोर धावून येणारा डिफेंडर हीच पट्टी. तो मंद असेल तर तुमचा पहिला टच, म्हणजे आलेल्या बॉलला लागलेला पहिला पाय, दोन फूट लांब गेला तरी चालतो, आणि तो लांब गेला हे तुम्हाला कधी कळतच नाही. कुस्तीतही असंच असतं, म्हणून तर जुने वस्ताद चांगल्या पोराला जोड मिळावी म्हणून दुसऱ्या तालमीत पाठवायचे. फुटबॉलमध्ये आपण तेच विसरलो. चांगलं पोरगं दिसलं की ते आपल्याच पेठेत राहावं म्हणून सगळी ताकद लावतो.

लोकसंख्या कमी पडते असंही नाही. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ३८ लाख ७६ हजार लोक होते. क्रोएशिया या अख्ख्या देशात २०२१ च्या जनगणनेत ३८ लाख ७१ हजार. म्हणजे तो देश आपल्या जिल्ह्याएवढा. तो २०१८ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी खेळला, १९९८ आणि २०२२ मध्ये तिसरा आला. त्यांचा लुका मॉड्रिच लहानपणी युद्धामुळे निर्वासित होऊन झादर गावातल्या हॉटेलात राहायचा आणि तिथल्याच वाहनतळावर बॉल खेळायचा. अंगाने बारीक म्हणून हायदुक स्प्लिट क्लबने त्याला घेतलं नाही. दिनामो झाग्रेबने घेतलं आणि अठराव्या वर्षी त्याला बोस्नियाच्या लीगमध्ये पाठवलं, जिथं पायावर लाथा बसायच्या. बावीस वर्षांचा होईस्तोवर तो इंग्लंडला पोहोचलाही नव्हता. २०१८ मध्ये त्याला बॅलन डी’ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला. यातला क्रम बघा दादा. आधी क्लबच्या वयोगटात वर्षानुवर्षं लीग सामने, मग अठराव्या वर्षी रांगड्या मोठ्या माणसांत. आपल्याकडे पहिला टप्पा गाळून थेट दुसरा येतो, आणि तोही चौदा-पंधराव्या वर्षी.

पेठांच्या फुटबॉलवर माझा जीव आहे, हे आधी सांगतो. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या पेठांच्या संघांचा सामना असला की दुपारपासून गावाचं चित्त थाऱ्यावर नसतं. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही, झेंडे, हलगी, टायब्रेकरला श्वास रोखून उभे राहिलेले पन्नाशीतले बाप्ये. देशात फार थोड्या गावांना हे भाग्य आहे. पण चौदा वर्षांच्या पोरासाठी ती जागा नव्हे. तिथं जिंकायचं असतं, शिकायचं नसतं, आणि तसंच असायला पाहिजे, ती वरिष्ठांची लढाई आहे. पोरगं तिथं गेलं की त्याला जे येतं तेवढंच करायला सांगतात, ‘पुढं थांब, बॉल आला की मार’. गोल झाला की कुणीतरी खिशातून नोटा काढून हातात ठेवतो, दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागतो. सोळाव्या वर्षी ज्याचा फलक लागला, त्याला सतराव्या वर्षी ‘तुझा पहिला टच चुकतोय’ हे ऐकवत नाही. अशी पोरं मी एक नाही, कितीतरी बघितली. एकाचा गुडघा दुखत होता. अंतिम सामना होता म्हणून इंजेक्शन देऊन खेळवलं. सत्तराव्या मिनिटाला तो वळला, पाय तिथंच राहिला आणि गुडघा फिरला. आजूबाजूच्या पोरांना आवाज ऐकू आला होता. मी त्या दिवशी मैदानाबाहेर होतो, सामन्याआधी त्याला लंगडताना बघितलं होतं आणि गप्प राहिलो. ते मला अजून सलतं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, सतरा पूर्ण होईपर्यंत त्याला वरिष्ठ संघाच्या सामन्यात उतरवू नका, कितीही मोठ्या माणसाने घरी येऊन सांगितलं तरी.

आपली पोरं तेराव्या वर्षी कमी असतात का? नाही. २०२३ मध्ये मोहालीच्या मिनर्व्हा अकादमीच्या तेरा वर्षांखालच्या पोरांनी स्वीडनमध्ये गोथिया कप जिंकला, युरोपातल्या संघांना हरवून. अंतर पडतं ते त्यानंतरच्या पाच वर्षांत, आणि ते पाडतात सामने. युरोपातलं या वयाचं पोरगं हंगामात तीस-एक सामने खेळतं, बहुतेक आपल्याच तोलाच्या संघांशी, दर आठवड्याला. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. एक सामना हरला की पुढच्या वर्षी भेटू. तुमच्या भाच्याचे पाच सामने झाले, कारण त्याचा संघ जिंकत गेला. पहिल्याच फेरीत हरलेल्या संघातलं एखादं लहानखुरं, मान वळवून बघणारं पोरगं वर्षभरात एकच सामना खेळलं असेल, आणि त्याचं नावही आपल्याला कळणार नाही. मला रात्री झोप लागत नाही ती या पोरांच्या विचाराने.

आपल्या गावातून अलीकडे सर्वांत पुढे गेला तो अनिकेत जाधव. २०१७ च्या त्या विश्वचषकात तो भारताच्या संघात होता, नंतर आयएसएल या देशातल्या व्यावसायिक लीगमध्ये जमशेदपूर आणि हैदराबादकडून खेळला. त्याने काय केलं? लहान वयात घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, जिथं रोज आपल्याएवढ्याच किंवा आपल्यापेक्षा चांगल्या पोरांशी गाठ पडते. पेठेचा हिरो व्हायच्या आधी तो बाहेर पडला.

आता स्पेन. इथं मी स्पष्ट बोलणार आहे. फिफाच्या नियमावलीत कलम १९ आहे. अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुठल्याही खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, किंवा खेळाडू युरोपीय संघातल्या देशांमधलाच सोळा ते अठरा वर्षांचा असेल, किंवा सीमेलगत राहत असेल, असे. कोल्हापूरचा तेरा वर्षांचा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. तुम्ही म्हणाल, मेस्सी तेराव्या वर्षी अर्जेंटिनाहून बार्सिलोनाला गेलाच ना? गेला, २००० मध्ये. अल्पवयीन खेळाडूंसाठीचे हे नियम २००१ मध्ये आले. आणि ते कागदावरच नाहीत. हेच नियम मोडले म्हणून २०१४ मध्ये फिफाने खुद्द बार्सिलोनाला दोन खरेदी-सत्रांसाठी नवे खेळाडू घ्यायला बंदी केली. जे बार्सिलोनाला जमलं नाही, ते साडेचार लाख घेणाऱ्या माणसाला जमणार आहे का? तो पोराला स्पेनला नेईल, खोटं नाही. दहा दिवस पैसे भरून घेतलेल्या शिबिरात खेळवेल, क्लबच्या फलकासमोर फोटो काढेल, प्रमाणपत्र देईल. त्या कागदावर पुढे काही होत नाही. माझ्या ओळखीतल्या एका घराने जमिनीचा तुकडा विकून असं केलं. पोरगं परत आल्यावर सहा महिने मैदानावर आलं नाही, लाजेने. दाजींना माझा निरोप द्या, कर्ज काढू नका. ज्या अकादमीला पोरगं खरंच हवं असतं, ती पैसे मागत नाही. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स अकादमी निवडलेल्या मुलांना शिष्यवृत्तीवर ठेवते, शाळेसकट. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून आहे. क्रीडा प्रबोधिनी सरकारी आहे. त्यांच्या निवड चाचण्यांना न्या. पहिल्या वर्षी नाही घेतलं तर दुसऱ्या वर्षी न्या. जायला-यायला एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं लागेल, तेवढंच.

निवड होईपर्यंत घरी काय करायचं तेही सांगतो. त्याला सध्याच्या संघातच ठेवायचं असेल तर जागा बदला. सहा महिने मधल्या फळीत खेळवा, जिथं चारी बाजूंनी माणसं येतात आणि मान वळवल्याशिवाय गत्यंतर नसतं. गोल कमी होतील, लोक विचारतील, विचारू द्या. आठवड्यातून दोनदा टर्फवर चार विरुद्ध चार, आणि समोर दीड-दोन वर्षांनी मोठी, पण चांगलं खेळणारी पोरं. तिथं तो हरला पाहिजे. जिंकून घरी आलेल्या पोराला काय चुकलं ते विचारून सांगता येत नाही, हरलेलं पोरगं न विचारता सांगतं. रोज वीस मिनिटं भिंतीवर उजव्या पायाने बॉल, फक्त उजव्या. ठरवून घेतलेल्या सरावाचे आठवड्याचे तास वयाच्या आकड्याच्या वर नेऊ नका. तेरा वर्षांचा आहे तर तेरा तास पुरे, त्यात सामनेही आले. गल्लीत स्वतःच्या मर्जीने खेळेल ते मोजू नका.

दाराच्या चौकटीवर दर महिन्याच्या एक तारखेला त्याची उंची पेन्सिलीने लिहून ठेवा. रेघा अचानक दूर दूर पडायला लागल्या की समजा, हाडं वाढतायत आणि स्नायू मागे पडलेत. त्या काळात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड किंवा टाच दुखायला लागते, पोरगं बेढब धावतं, बॉल पायातून सुटतो, आणि बाहेरचे म्हणतात ‘बिघडलं पोरगं’. बिघडलेलं नसतं. सराव कमी करायचा, दुखणं अंगावर काढू द्यायचं नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि तीन-चार महिने धीर धरायचा. खाण्याचं तुमच्या बहिणीला सांगायची गरज नाही, आपल्या घरात दूध, अंडी, मटण, उसळी असतातच. पावडरींचे डबे आणू नका. झोप मात्र नऊ तास हवी, आणि मोबाईल रात्री तुमच्या बहिणीच्या उशाशी. शाळेबाबत ती म्हणते ते शंभर टक्के खरं आहे. दहावी तर झालीच पाहिजे, आणि चांगली. वर ज्या अकादम्या सांगितल्या त्याही शाळा सोडायला सांगत नाहीत.

आणि तुमचं काम. सामना संपल्यावर गाडीवर मागे बसवून घरी आणताना त्याच्याशी खेळाबद्दल बोलू नका. ‘तिथं पास का दिला नाहीस’ हा प्रश्न तर अजिबात नको. चौकातनं वळेपर्यंत तो स्वतः बोलायला लागला तर ऐका, नाही लागला तर भडंग घ्या आणि घरी या. पोरं खेळ का सोडतात असं मी सोडून गेलेल्यांना विचारत आलोय. दुखापत, अभ्यास ही कारणं देतात, पण बोलता बोलता बऱ्याच जणांच्या तोंडी घरी जातानाचा तो रस्ता येतोच.

तुम्ही पाठवलेली अकरा गोलांची चित्रफीत मी दोनदा बघितली. डावा पाय सुरेख आहे, खरंच. सातव्या गोलाला त्याने गोलीला आधी एका बाजूला झुकवलं आणि मग दुसरीकडे बॉल सारला, घाई केली नाही. तेराव्या वर्षी असा थांबणारा पोरगा मला आवडतो. पण त्यात बॉल त्याच्या पायाशी आल्यानंतरचंच सगळं आहे. पुढच्या रविवारी त्याचा सामना असेल तर एक करा. मोबाईल बॉलवर नका धरू, सगळा वेळ त्याच्यावरच धरा, बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी. वीस मिनिटं पुरेत, कापाकाप न करता तसंच पाठवा. आणि सोबत जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावरची नव्हे, दवाखान्यातली.